बरणी क्रमांक एकशे बारा

दर तीन महिन्यांनी मी बरण्यांचं पाणी बदलते.
पाणी म्हणजे स्पिरिट, पण वहीत आम्ही पाणीच लिहितो.
वर्सोव्याच्या प्रयोगशाळेत, मागच्या खोलीत,
जिथला पंखा दोनवरच चालतो,
खोल समुद्रातले मासे फळीवर उभे असतात
आणि त्यांतल्या कुणालाच उभं राहायची सवय नाही.

एकशे बाराला आहे.
त्याला तीन काड्या आहेत, अंगाहून लांब,
पराचे दोन आणि शेपटीचा एक.
त्यांवर तो चिखलात उभा राहायचा, तोंड प्रवाहाकडे करून,
काय येईल ते येईल म्हणत.
डोळे मोहरीएवढे. बघायला काही नव्हतंच;
तांबडा रंग तर पहिल्या काही वावांतच संपतो,
निळाही मग दमतो.
पोटात हवेचा फुगा नाही.
हवा दाबली जाते, म्हणून त्याने हवा बाळगलीच नाही.

पाध्ये सर म्हणाले, तिथे
तुझ्या करंगळीच्या नखावर
दोन बुलेट मोटारसायकली ठेवल्यासारखं असतं.
अंगाच्या नखानखावर दोन दोन.
मी विचारलं, मग हा चिरडत कसा नाही?
सर म्हणाले, चिरडायला आत रिकामी जागा लागते.

हे वाक्य मी त्या संध्याकाळी
बंदरापर्यंत हातात धरून नेलं.

एकदा आई आली, विसरलेला डबा द्यायला.
टोपली बाहेर, गुलमोहराखाली ठेवली.
काचेला नाक लावून बघत राहिली,
माझी चांगुणाबाई,
चाळीस वर्षं बोंबील निवडलेली.
“यो त बोंबलाचा भावबंद हाय. तोंड बग त्याचा.”
मी हसले. सर हसले नाहीत.
कपाटातून जाडं पुस्तक काढलं, पान शोधलं.
एकाच गणातले निघाले:
एक आपल्या खाडीच्या तोंडाशी, दोरीवर वाळणारा,
दुसरा चार हजार मीटर खाली, काठ्यांवर.

“आनि जोडीदार नाय मिलला तं?” आईने विचारलं.
नाही मिळाला तर तो एकटाच दोन्ही होतो.
अंडी त्याचीच, बीजही त्याचंच.
आई काही बोलली नाही.
डब्याचं झाकण आधीच घट्ट होतं,
तिने ते पुन्हा घट्ट केलं.

मग मी तिला वासाचं सांगितलं.
की खोलातल्या माशांच्या मांसात एक क्षार असतो,
आतल्या आत टेकू देतो,
दाबाखाली घडी मोडू देत नाही कशाची.
जितकं खोल, तितका तो जास्त.
जिवंतपणी त्याला वास नसतो, आई.
मासा मेला की तो मोडतो,
आणि मोडला की वास येतो,
तोच, तुझ्या पदराचा, माझ्या दप्तराचा,
ज्याच्यामुळे लोखंडवालातल्या त्या इमारतीत
पाटी लावलीय लिफ्टच्या दाराशी,
आणि तू टोपली घेऊन अकरा मजले चढतेस.

ती ऐकत होती. खरंच ऐकत होती.
मग म्हणाली,
“वॉचमनला काय सांगू? दाबाचा वास हाय म्हनून?”
आणि स्वतःच इतकी हसली
की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

तिची टोपली मी डोक्यावर चढवून दिली.
बर्फ वितळून खांद्यावर ओघळत होता,
ती अकराव्या मजल्यासाठी निघाली, उशीर झालेला.

त्या दिवशी उरलेल्या बरण्या केल्याच नाहीत.
वही उघडून बसले.
शास्त्रीय नाव, खोली, तारीख, बोट,
सगळे रकाने भरलेले, सुंदर अक्षरात.
स्थानिक नाव या रकान्यात
एकशे बारासमोर एक आडवी रेघ.
मी रेघेवर शाईने लिहिलं: तीनपायी बोंबील.
खाली, बारीक: सांगणार, चांगुणा भोईर, मासेविक्री.

सरांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं.
चष्मा वर केला, खाली केला.
“शाईने लिहिलंस?” एवढंच म्हणाले.
हो, म्हटलं. शाईनेच.